पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई मेधवी (माहेरचे आडनाव डोंगरे, २३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या अनुवादक आणि निराधार स्त्रियांच्या आश्रयगृहांच्या संस्थापक होत्या. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू केली आणि पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. वैधव्य, घरातील छळ, दुष्काळ आणि लैंगिक शोषण यांमुळे ज्यांना जाण्यास जागा उरली नव्हती अशा स्त्रियांना या संस्थांत निवारा, शिक्षण आणि उपजीविकेचे साधन मिळाले.

रमाबाईंच्या कार्यास कोणत्याही संस्थानिकाचा किंवा सरकारचा कायमचा आधार नव्हता. अमेरिकेतील वर्गणीदारांची मंडळे, मुंबई-पुण्यातील सल्लागार, विनावेतन काम करणारे सहकारी आणि आश्रयास येऊन पुढे स्वतः काळजीवाहू झालेल्या स्त्रिया यांच्या बळावर ते चालले. आश्रयगृहाचा खर्च कोणी चालवावा, त्याच्या अटी कोणी ठरवाव्यात आणि तेथे राहणाऱ्या स्त्रीचे स्वातंत्र्य कोठवर असावे, हे प्रश्न त्यामुळे त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा वादाचे ठरले.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ (आता कर्नाटक राज्यात) येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा रूढ समज बाजूस सारून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. त्यामुळे त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना शिकविले. लहान वयातच त्यांना भागवत पुराण मुखोद्गत झाले.

कुटुंबाची मिळकत संपल्यावर डोंगरे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत देशभर फिरू लागले. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांची अन्नान्नदशा झाली. १८७४ मध्ये अनंतशास्त्री आणि त्यानंतर थोड्याच काळात लक्ष्मीबाई मरण पावल्या. थोरल्या बहिणीचाही मृत्यू झाला. उरलेल्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी पुढची काही वर्षे पायी प्रवास केला. भूक, थंडी आणि उघड्यावरचा मुक्काम यांचा हा अनुभव रमाबाईंच्या पुढील निर्णयांमागे होता. १८९६ नंतरच्या दुष्काळात त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या, त्यामागेही ही आठवण होती.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बंगाल व आसाममध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणावर व्याख्याने दिली. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्रींचे ढाक्यास निधन झाले.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबाबू ब्राह्मणेतर असल्याने हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता, आणि दोन्हीकडच्या समाजांनी तो अमान्य केला. एप्रिल १८८१ मध्ये त्यांची कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबूंचे पटकीने निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाईंना माहेर नव्हते आणि सासरचाही आधार नव्हता. परंतु त्यांच्याजवळ विद्या होती आणि व्याख्याने व लेखन यांतून चरितार्थ चालविण्याचे सामर्थ्य होते. हे सामर्थ्य ज्या विधवांजवळ नाही त्यांचे काय होते, हा त्यांच्या पुढील कार्याचा मूळ प्रश्न ठरला.

पुण्यातील कार्य

१८८२ च्या वसंतात रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व अन्य सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. बालविवाहास विरोध आणि स्त्रीशिक्षणाचा प्रसार ही या समाजाची उद्दिष्टे होती. त्याच वर्षी त्यांचे स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये दिलेल्या साक्षीत त्यांनी शिक्षिका व स्त्री-तपासनीस नेमण्याची आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्याची मागणी केली. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यास संकोच वाटल्याने अनेक स्त्रिया उपचाराविना मरतात, हे त्यांनी आयोगाच्या निदर्शनास आणले.

विधवांना आश्रय देण्याचा प्रयत्न पुण्यात यापूर्वीही झाला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. विधवेने तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल तेथे ठेवून जावे, अशी त्याची व्यवस्था होती. रमाबाईंच्या मनातील योजना त्याहून वेगळी होती. विधवेने संकटकाळापुरते न येता दीर्घकाळ राहून शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे निवासस्थान त्यांना हवे होते.

इंग्लंडमधील वास्तव्य

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने रमाबाई एप्रिल १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी मुख्यतः स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीतून केला. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत मात्र सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनी-संघाकडे त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतरावर महाराष्ट्रात तीव्र टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या सत्सार या पुस्तिकांतून त्यांची बाजू घेतली.

याच काळात लंडनमधील फुलहॅम येथे भगिनी-संघ चालवीत असलेले आश्रयगृह रमाबाईंनी पाहिले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आपुलकीने वागविले जात असे आणि काम शिकवून पुन्हा उभे केले जाई. अशा स्त्रियांना आपल्या समाजात शिक्षेखेरीज काहीच मिळत नाही, ही जाणीव त्यांना तेथे प्रकर्षाने झाली. त्यांनी पुढे आत्मकथनात या भेटीस आपल्या धर्मांतराच्या संदर्भात महत्त्वाचे स्थान दिले आहे. केडगावच्या कृपा सदनाचे बीज याच अनुभवात होते.

नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे शिकल्या आणि तेथे संस्कृतही शिकविले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर चर्चच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी आपला निर्णय आपण घेऊ अशी भूमिका घेतली. धर्ममतांबाबतही सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहारी वाद झाला. साहाय्य घेतले म्हणून विवेकावरचा हक्क सोडला असे होत नाही, ही त्यांची भूमिका या वादांत प्रथम स्पष्ट झाली.

अमेरिका आणि द हाय-कास्ट हिंदू वुमन

फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी झालेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातील होत्या.

१८८७ मध्ये त्यांचे द हाय-कास्ट हिंदू वुमन हे इंग्रजी पुस्तक बॉडली यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. पुस्तकाची मांडणी उच्चवर्णीय स्त्रीच्या आयुष्याच्या अवस्थांप्रमाणे आहे. बालपण, विवाहित जीवन आणि वैधव्य यांचे वर्णन करून अखेरच्या भागात रमाबाईंनी उपाय सुचविले आहेत.

विवाहित जीवनाच्या प्रकरणात घरातील मारहाणीचा विषय येतो. सासरपेक्षा माहेरी बरे वाटते एवढे खरे बोलल्याबद्दल तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या नवऱ्याने आपल्यादेखत निर्दयपणे मारल्याचा प्रसंग रमाबाईंनी त्यात नोंदविला आहे. रखमाबाई यांच्या गाजलेल्या खटल्याचाही त्यांनी परामर्श घेतला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदण्यास नकार दिला होता. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना पतीकडे जाण्याचा अथवा सहा महिन्यांच्या कारावासाचा पर्याय दिला. घर सोडलेल्या स्त्रीला कायद्यापासून संरक्षण मिळत नाही, कायदाच तिला परत त्या घरात पाठवितो, हा या प्रकरणाचा अर्थ रमाबाईंनी पाश्चात्त्य वाचकांपुढे मांडला.

उपाय म्हणून त्यांनी सुचविलेली योजना नेमकी होती. विधवांना जात गमावण्याच्या भीतीवाचून राहता येईल आणि स्वतःचे खाणेपिणे व आचार पाळता येतील अशी घरे काढावीत, तेथे त्यांना शिक्षिका, परिचारिका वा अन्य व्यवसायांचे शिक्षण द्यावे, असे त्यांनी सुचविले. जातिबहिष्काराच्या भीतीने विधवा छळाच्या घरातही राहते, म्हणून आश्रयाचे दार उघडायचे तर ती भीती आधी दूर केली पाहिजे, असा या योजनेमागील विचार होता.

रमाबाई असोसिएशन आणि रमाबाई मंडळे

अमेरिकेत रमाबाईंनी दोन वर्षांहून अधिक काळ गावोगाव व्याख्याने दिली. फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचाही त्यांनी अभ्यास केला. मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. स्त्रियांनी समित्या स्थापाव्यात, वर्गणी गोळा करावी, हिशेब ठेवावा आणि सभा चालवाव्यात ही पद्धत त्यांनी तेथे जवळून पाहिली. त्या पद्धतीचे विस्तृत वर्णन त्यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त या मराठी ग्रंथात केले.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष आणि विलार्ड या उपाध्यक्षांपैकी एक होत्या. कार्यकारी समितीचे काम ज्युडिथ अँड्र्यूज यांनी पाहिले. प्रत्यक्ष आधार मात्र गावोगावच्या रमाबाई मंडळांचा होता. प्रत्येक सभासदाने दहा वर्षे दरसाल १ डॉलर द्यावा, अशी या मंडळांची रचना होती. शिक्षिका, विद्यार्थिनी आणि वेगवेगळ्या चर्चमधील स्त्रिया त्यांत सामील झाल्या. एका धनिकाच्या मोठ्या देणगीऐवजी अनेकांच्या छोट्या आणि ठराविक वर्गणीवर उभी असल्याने योजनेला दहा वर्षांचे नियोजन करता आले. असोसिएशन वार्षिक अहवाल छापून वर्गणीदारांना कामाची माहिती देई.

असोसिएशनने घातलेली प्रमुख अट अशी होती की, संस्था कोणत्याही पंथाची नसावी. हिंदू विधवांना तेथे ख्रिस्ती धर्माचे शिक्षण दिले जाणार नव्हते आणि स्वतःचा धर्म पाळण्यास त्यांना मोकळीक होती. हिंदू समाजातून विद्यार्थिनी मिळण्यासाठी ही अट आवश्यक होती. पुढे हीच अट वादाचे कारण झाली.

मंडळांच्या कार्याला विरोधही झाला. १८९५ मध्ये स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेतील व्याख्यानांत हिंदू विधवांच्या स्थितीविषयी वेगळे चित्र मांडले, तेव्हा ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळाने त्यास आक्षेप घेतला आणि हा वाद तेथील वृत्तपत्रांतून गाजला. विधवांच्या दुःखाचे वर्णन करून निधी गोळा करताना संपूर्ण समाजाची बदनामी होते, असा विरोधकांचा आक्षेप होता.

शारदा सदन

१८८९ च्या प्रारंभी रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळच्या घरात शारदा सदन सुरू झाले. मार्गदर्शनासाठी भारतात सल्लागार मंडळे नेमण्यात आली. न्या. रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांचा त्यांत समावेश होता. त्यांच्या नावांमुळे आपली विधवा मुलगी, बहीण किंवा सून सदनात पाठविण्यास काही कुटुंबे तयार झाली.

सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू या बालविधवा होत्या. येथे शिकून चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. आनंदीबाई अथवा बाया कर्वे या नावाने पुढे त्या प्रसिद्ध झाल्या. माझे पुराण या आत्मचरित्रात त्यांनी सदनातील दिवसांचे वर्णन केले आहे.

विधवांचे केशवपन केले जात असे, त्यांना एकभुक्त राहावे लागे आणि शुभकार्यात त्यांना स्थान नसे. सदनात मात्र केस ठेवण्यास, पुरेसे खाण्यास, खेळण्यास आणि बागेत फिरण्यास मुभा होती. सोवळे पाळणाऱ्या मुलींसाठी स्वयंपाकाची सोय त्यांच्या आचाराप्रमाणे केली जाई. विधवांखेरीज काही अविवाहित मुलीही तेथे शिकत असत. १८८९ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास रमाबाई उपस्थित होत्या आणि त्याच वेळच्या सामाजिक परिषदेत त्यांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध भाषण केले.

मुंबईतील खर्च परवडत नसल्याने १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलविण्यात आले. पुण्यात जागा व हवा चांगली होती. तथापि सनातनी मताचे केंद्रही पुणेच असल्याने संस्थेवर लोकांची नजर अधिक कडक राहिली.

१८९३ चा वाद

सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या बातम्या आरंभापासूनच येत होत्या. बाळ गंगाधर टिळक यांच्या केसरीने संस्थेवर सातत्याने टीका केली. रमाबाई स्वतः रोज प्रार्थना करीत आणि त्या वेळी आपल्या खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसत. मुलींना हिंदू आचार पाळण्याची जशी मोकळीक आहे, तशी प्रार्थनेस येऊन बसण्याचीही आहे, आणि आपल्या घरात आपल्याला दार लावून प्रार्थना करावी लागू नये, असे रमाबाईंचे म्हणणे होते. सल्लागारांना मात्र हा अटींचा भंग वाटला. पालकांनी विश्वासाने पाठविलेल्या मुलींवर संस्थाप्रमुखाच्या उदाहरणाचा प्रभाव पडणे अटळ आहे, असे त्यांचे मत होते.

१८९३ मध्ये रानडे, भांडारकर व अन्य सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. बॉस्टनच्या असोसिएशनने चौकशीअंती रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवल्याने सदन बंद पडले नाही.

या वादाची सर्वांत मोठी किंमत विधवांनी मोजली. ज्या मुली परत नेण्यात आल्या त्यांचे शिक्षण तुटले. सुधारकांचा पाठिंबा गेल्याने हिंदू कुटुंबांतील विधवेला सदनात येणे पूर्वीपेक्षा कठीण झाले. दुसरीकडे, हिंदू समाजाला विश्वास वाटेल असे विधवागृह हवे ही गरज स्पष्ट झाली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाने ती भागविली. हा आश्रम पुढे हिंगणे येथे गेला. बाया कर्वे यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी गावोगाव आणि परदेशी फिरून त्यासाठी निधी जमविला.

दुष्काळ, प्लेग आणि केडगाव

सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे या हेतूने रमाबाईंनी पुण्यापासून सुमारे ६० कि.मी. अंतरावर केडगाव येथे लोहमार्गालगत जमीन घेतली आणि तेथे फळबाग लावली. १८९५ च्या सुमारास त्या यात्रेकरूच्या वेषात वृंदावनास गेल्या. तीर्थक्षेत्री सोडून दिलेल्या विधवांचे तेथील मठ-मंदिरांत होणारे शोषण पाहून त्यांनी काहींना आपल्याबरोबर आणले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या. सरकारी मदत छावण्यांत आणि अनाथालयांत तरुण मुलींना मुकादम व दलालांपासून धोका असल्याचे त्यांना आढळले. अन्न मिळाले तरी सुरक्षितता मिळतेच असे नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया पुण्याकडे आणल्या.

याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली. एवढ्या मोठ्या समूहास शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केल्याने मुलींना केडगावच्या शेतावर तंबूंत व झोपड्यांत हलवावे लागले. १८९७ मध्ये रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या पत्रात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी तक्रार केली. आपल्या संस्थेतील एका मुलीचे तेथे काय झाले याचा जाब त्यांनी विचारला. हे पत्र ब्रिटनपर्यंत पोहोचले आणि पार्लमेंटमध्ये त्याचा उल्लेख झाला. मुंबई सरकारने आरोप नाकारले.

सप्टेंबर १८९८ मध्ये केडगावला मुक्ती सदनाच्या इमारतीचे उद्घाटन झाले. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत त्याच वर्षी संपल्याने रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या आणि शारदा सदनासाठी मदतीची नवी व्यवस्था झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व अन्य भागांतून शेकडो मुली आणण्यात आल्या. १९०० च्या सुमारास केडगावची लोकसंख्या सुमारे २,००० झाली होती.

मुक्ती मिशनमधील व्यवस्था

केडगाव येथे वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी सदने होती. शारदा सदन शिक्षणासाठी चालू राहिले. मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त मुली राहत. लैंगिक शोषणास बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. अंध मुलींसाठीही स्वतंत्र व्यवस्था होती. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती. केडगावच्या अंध मुलींना त्यांनी ती शिकविली.

या कामात सुंदराबाई पवार, अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स आणि अनेक देशी-विदेशी सहकारी सहभागी झाले. तरीही एवढ्या मोठ्या वस्तीचा दैनंदिन भार प्रामुख्याने आधी आलेल्या मुलींनीच उचलला. शारदा सदनात शिकलेल्या मुली शिक्षिका व देखरेख करणाऱ्या झाल्या. उपासमारीने खंगलेल्या आणि आजारी अवस्थेत आलेल्या नव्या मुलींना न्हाऊ घालणे, भरविणे, रात्री त्यांच्याजवळ बसणे ही कामे त्यांनी केली.

विणकाम, शिवणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, बेकरी आणि मुद्रणालय असे उद्योग तेथे होते. मुद्रणालयात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे स्त्रिया करीत. उद्योग शिकविण्यामागे दोन हेतू होते: संस्थेचा खर्च काही अंशी भागावा आणि बाहेर पडणाऱ्या स्त्रीला पुन्हा कोणावर अवलंबून राहावे लागू नये.

मुक्ती मिशन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १९०५ मध्ये तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन घडले आणि त्यामुळे तिचे नाव जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत पसरले. बहुतेक निवासी ख्रिस्ती झाल्या. दुष्काळात आश्रयास आलेल्या अल्पवयीन मुलींच्या धर्मांतरावर त्या काळीही टीका झाली आणि अभ्यासकांत त्याविषयी आजही मतभेद आहेत. बॉस्टनच्या असोसिएशनने शारदा सदनाला घातलेली पंथनिरपेक्षतेची अट येथे नव्हती.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. कमी शिकलेल्या स्त्रियांनाही तो वाचता यावा हा त्यांचा हेतू होता. त्याची छपाई केडगावच्या मुद्रणालयात झाली. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

संस्थेची सूत्रे मनोरमाबाईंकडे सोपवावीत असा रमाबाईंचा विचार होता. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंचा मृत्यू झाला. अनुवादाचे काम त्यांनी त्यापूर्वी पूर्ण केले होते. मुक्ती मिशन त्यांच्या पश्चातही चालू राहिले.

लेखन

रमाबाईंचे प्रमुख लेखन पुढीलप्रमाणे आहे:

स्त्रीधर्मनीति (१८८२)
इंग्लंडचा प्रवास (१८८३)
द हाय-कास्ट हिंदू वुमन (१८८७, इंग्रजी)
युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त (१८८९)
माझी साक्ष (१९०७, आत्मकथन)
बायबलचा मराठी अनुवाद

वारसा आणि मूल्यमापन

रमाबाईंच्या धर्मांतरामुळे महाराष्ट्रातील सुधारणेच्या इतिहासात त्यांना दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या अभ्यासांमुळे त्यांच्या लेखनाकडे व कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. भारत सरकारने २६ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवरास मेधवी हे नाव देण्यात आले आहे. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत ५ एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे.

समकालीन सुधारकांचा भर मुख्यतः विवाहाचे वय, पुनर्विवाह आणि शिक्षण या प्रश्नांवर होता. रमाबाईंनी त्यांत निवाऱ्याच्या प्रश्नाची भर घातली. छळाचे घर सोडणाऱ्या स्त्रीला त्याच रात्री जाण्यासाठी जागा नसेल, तर कायदा आणि उपदेश तिच्या उपयोगी पडत नाहीत, हे त्यांच्या कार्यातून दिसून आले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने पीडित स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आणि तिने विनंती केल्यास आश्रयगृहाने तिला निवारा देण्याची तरतूद केली. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अशी कोणतीही तरतूद नसताना वर्षाला १ डॉलर देणारे वर्गणीदार आणि विनामोबदला राबणाऱ्या स्त्रिया यांच्या साहाय्याने रमाबाईंनी ही व्यवस्था उभी केली होती.

शारदा सदनाच्या इतिहासातून आश्रयगृहांसंबंधीचा एक प्रश्न पुढे आला, तो अद्याप सुटलेला नाही. देणगीदार, सल्लागार, पालक आणि संस्थाप्रमुख या प्रत्येकाची संस्थेकडून वेगळी अपेक्षा असते. या अपेक्षांत संघर्ष झाला की तेथे राहणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेलाच धोका पोहोचतो. १८९३ मध्ये परत नेण्यात आलेल्या मुलींना याच संघर्षाची झळ बसली.